पाऊण इंच मोठं कपाट

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कारखान्यातले अनुभव लिहून द्या, असं संपादक म्हणाले, तेव्हा मी त्यांना आधीच विचारलं, भट्टीबद्दल किती जण लिहून राहिले? ते म्हणाले, सगळेच. मग मी म्हटलं, मी कपाटाबद्दल लिहितो. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. भिलाईत अख्खी नोकरी काढलेल्या माणसाकडे तापलेल्या रसाशिवाय सांगण्यासारखं काही असू शकतं, हे लोकांना पटतच नाही. मी पोलादाच्या कारखान्यात नोकरी केली आणि ती सगळी लाकडात केली. माझ्या हाताला पोलाद लागलं ते अवजाराच्या पात्याचं, तेवढंच.

हे कसं, ते एकदा समजावून सांगतो. यंत्राचं एखादं चाक मोडलं की ते ओतून नवं करावं लागतं. ओतायचं तर आधी वाळूत साचा पाहिजे, आणि वाळूत साचा उठवायचा तर त्या चाकाचा लाकडी जुळा भाऊ पाहिजे. तो जुळा भाऊ बनवायचं काम आमच्या पॅटर्न शॉपचं. चाक पोलादाचं झालं की सगळे त्याचं कौतुक करणार, आणि जुळा भाऊ कोपऱ्यात धूळ खात पडणार. आमचंही तसंच होतं, पण त्याबद्दल मी आज रडणार नाही, सणाचे दिवस आहेत.

गोल वस्तू करायची तर लाकूड खरादावर चढवतात. ते गरगर फिरतं आणि फिरत्या लाकडाला लांब दांड्याची अवजारं टेकवून आकार द्यायचा. पन्हळीसारखं खोलगट पातं असतं ती गाऊज, तिरप्या धारेची ती पटाशी, शिवाय खरवडायची वेगळी, कापून अलग करायची वेगळी. प्रत्येकीला हातभर लाकडी मूठ आणि पुढे दाढी करता येईल अशी धार. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तमाशे या दोन गोष्टींचे आहेत. अवजार लांब आहे आणि धारदार आहे. असलं अवजार ट्रंकेत मावत नाही, फडताळात मावत नाही, आणि खुंटीला टांगलं तर घरच्या माणसाला टोचतं.

कारखान्यात त्याची चिंता नव्हती. तिथं टूल रूम होती. चिंता घरी होती, कारण सेक्टर दोनच्या क्वार्टरात मागच्या व्हरांड्यात मी स्वतःचा खराद मांडला होता. मोटर दुर्गच्या भंगारवाल्याकडची, सांगाडा साल लाकडाचा, आणि अवजारं एकेक करून जमवलेली, मुठी माझ्या हातच्या. ड्यूटीवरून आलो की त्याच्यावर लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब काढायचे. पण खरा हंगाम तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा. आम्ही नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं तेव्हाच्या मध्यप्रदेशात येऊन राहिलो, पण पोरांना लाकडी नंदीबैल पाहिजेच. त्या बैलांच्या पायांखालची चाकं, कधी अख्खे बैलच, सगळ्या सेक्टरभर माझ्याकडूनच जात. आवड होती, दुसरं काय. माझी बायको सुमन याला वेगळा शब्द वापरायची, तो मी इथे लिहीत नाही.

अवजारं ठेवायची माझी पहिली जागा होती बैठकीतला पलंग. गादीच्या खाली फळी, फळीवर अवजारं ओळीनं, वर गादी, वर चादर. बाहेरून पाहणाऱ्याला संशय येणार नाही. घरच्यांना ठाऊक होतं की डाव्या बाजूला बसायचं नाही. पण लेखा विभागातले बोंद्रेसाहेब हे घरचे नव्हते. त्यांच्या मुलाचा नंदी त्यांच्या साहेबाच्या मुलाच्या नंदीपेक्षा बोटभर तरी उंच पाहिजे, आणि तरी साहेबाच्या लक्षात यायला नको, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह समजावून सांगताना ते रंगात आले आणि डाव्या बाजूला सरकले. बसले आणि बसले तसे उठले. मोठ्या गाऊजची धार किती चांगली आहे, हे मी आयुष्यात कोणाला इतक्या कमी वेळात पटवून दिलेलं नाही. चहा त्यांनी उभ्यानंच घेतला. नंदीची उंची त्यांनी मग माझ्यावर सोडली.

सुमननं त्या दिवशी पलंगाखालून, पलंगावरून आणि पलंगाच्या आजूबाजूनं अवजारांना हद्दपार केलं.

दुसरी जागा गव्हाची कोठी. माझं डोकं असं चाललं, की गहू कोरडा असतो, त्यात पातं खुपसून ठेवलं तर गंज धरणार नाही आणि मुठी वर दिसतील. गंज खरंच धरला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण मूठ सैल झालेली एक लहानशी पटाशी गव्हात बुडाली, गव्हाबरोबर डब्यात गेली आणि डब्याबरोबर चक्कीवर गेली. चक्कीवाला भला माणूस. दगड वाचले म्हणून देवाला हात जोडून तो ते पातं फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आला आणि सुमनला म्हणाला, भाभीजी, तुमच्या गव्हात हे निघालं, आता काय काय निघणार आहे ते एकदाच सांगून ठेवा. सुमननं ते फडकं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. ती बोलत नसली की मला जेवण जात नाही.

मग तिसरी जागा, आणि ती मात्र झकास होती. जाड बांबूचे हातभर तुकडे कापले. बांबूला खाली गाठ असते, म्हणजे बूड आपोआप मिळालं. अशा नळ्या एका फळीवर ओळीनं ठोकल्या आणि ती फळी मागच्या भिंतीवर छताजवळ लावली. आता खरादवाल्यांमध्ये एक जुना वाद आहे, अवजार उभं ठेवायचं तर धार वर की मूठ वर. मूठ वर ठेवली तर सगळ्या मुठी सारख्या दिसतात, पाहिजे ती हाती लागेपर्यंत चार चुकीच्या उपसाव्या लागतात. धार वर ठेवली तर ओळखू येते, फक्त बोटं सांभाळावी लागतात. मी धार वर पक्षाचा. भिंतीवर ती पाती अशी चमकायची की मी जेवताना खुर्ची तिकडे वळवून बसायचो.

पण मलाच ती जागा आवडली असं नव्हतं. एका चिमणीलाही आवडली. इतक्या धारदार पात्यांच्या मध्ये मांजर येणार नाही हे तिनं ओळखलं असावं. ऐन पोळ्याच्या तोंडावर तिनं तिथं घरटं केलं आणि अंडी घातली, आणि सुमननं हुकूम काढला की पिल्लं उडेपर्यंत एकाही अवजाराला हात लागणार नाही. मी म्हटलं, अवं, लोकांची चाकं द्यायची आहेत. ती म्हणाली, लोकायच्या चाकांपेक्षा बाळंतीण मोठी. झालं. त्या वर्षी मी सगळी चाकं करवतीनं कापून कानशीनं घासून दिली. ती गोल होती असं मी म्हणू शकत नाही. पोळ्याच्या दिवशी सेक्टर दोनमधले सगळे नंदी लंगडत चालले होते, आणि पोरांना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी दोघांनी लंगडाच बैल पाहिजे म्हणून रडून गोंधळ घातला.

इथपर्यंत सगळी गंमत होती. यानंतर एक पोस्टकार्ड आलं आणि सुमननं स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सांगितलं की माय येऊन राहिली.

माय म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना मामीजी म्हणायचो. सासरे गेल्यापासून त्या नागपूरला मुलाकडे, म्हणजे माझा साळा दिवाकर याच्याकडे होत्या. दिवाकर माणूस वाईट नाही, पण त्याचं घर तिसऱ्या माळ्यावर, नवरा-बायको दोघंही नोकरीवर. मामीजींचे गुडघे गेलेले. सकाळी दाराला कडी लागली की संध्याकाळपर्यंत त्या आणि भिंती. सुमनला वाटत होतं की आईनं आता आपल्याकडेच राहावं, कायमचं. पण आपल्याकडे रीत अशी, की मुलगा असताना मुलीच्या घरी राहायचं नाही, लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही. मामीजी त्या रीतीच्या पक्क्या. त्या चार दिवसांसाठीच येत होत्या, आणि त्या चार दिवसांत त्यांना इथं रुजवायचं, एवढा एकच ध्यास सुमनच्या मनात होता.

आणि त्यासाठी त्यांना झोपायला जागा पाहिजे होती. दोन खोल्या, दोन पोरं, आम्ही. उरला मागचा व्हरांडा, म्हणजे माझा खराद, माझा ओंडक्यांचा ढीग आणि माझी अवजारं. खराद एका कडेला सरकत होता. पण बाज टाकायची ती बांबूच्या नळ्यांच्या बरोबर खाली येत होती.

"मले एकच सांगा," सुमन म्हणाली, "अठी माय झोपन का तुमची अवजारं झोपतीन?"

वैशाली नगरातला एक फर्निचरवाला माझा खराद अवजारांसकट घ्यायला टपलेलाच होता, हे तिला ठाऊक होतं. मी घाबरलो. म्हटलं, थांब, दोघंही झोपतील. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीत एक खाच होती, पूर्वी तिथं काय होतं देव जाणे. पुरुषभर उंच, तीन फूट रुंद, हात बुडेल इतकी खोल. तिथं मी अंगाबरोबर बसेल असं कपाट करतो, दार लावलं की भिंत. अवजारं आत, मामीजी बाहेर. सुमननं शिवणाच्या मशीनच्या खणातली टेप काढून खाच स्वतः मोजली आणि मापं मला तोंडी दिली. ती शेजारणींचे ब्लाउज शिवायची, तिचं माप कधी चुकल्याचं ऐकिवात नाही.

ते कपाट म्हणजे माझ्या हाताचं सोनं, बाप्पा. सागाच्या पाऊण इंची फळ्या, कोपऱ्यांना खिळा नाही, नुसते एकमेकांत अडकवलेले सांधे. आत प्रत्येक अवजाराला त्याच्या मापाचं घर, पातं इकडे, मूठ तिकडे, वर लाकडी चाप, कपाट उलटंपालटं केलं तरी एक अवजार हलणार नाही. शॉपमधला माझा जोडीदार बिसाहू रविवारी मदतीला यायचा. दुर्गजवळच्या खेड्यातला छत्तीसगढी गडी, इतकी वर्षं माझ्याजवळ उभा राहून त्याला मराठी सगळी समजायची, बोलायचा मात्र आपलीच भाषा. तोसुद्धा म्हणाला की असं कपाट त्यानं पाहिलं नाही.

मामीजी यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते उचललं आणि खाचेपाशी नेलं. आत जाईना.

तिरपं केलं, सरळ केलं, एक कोपरा आधी घातला, दुसरा आधी घातला. बिसाहूनं खांदा लावला. खाच तीन फुटांची, कपाट तीन फुटांचं, आणि तरी पाऊण इंच बाहेर. उंचीत तर दीड इंच. मी सुमनला म्हटलं, तुझी कापडी टेप धुण्यात आटली आहे. ती म्हणाली, टेप कोणी धूत नाही. मी म्हटलं, मग ताणली आहे. ती म्हणाली, ताणली असती तर शेजारणींचे ब्लाउज सैल झाले असते, एकीला तरी विचारून या. आता हे मी कोणाला विचारू? मी भिंतीला दोष दिला. भिंत सरकारी, ती फुगली असणार. सुमननं टेप भिंतीला लावली, मग कपाटाला लावली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मी माझ्या खिशातली पट्टी काढून कपाटाला लावली. बरोबर तीन फूट. एक सूतही इकडेतिकडे नाही. मी विजयी होऊन पट्टी बिसाहूच्या हातात दिली. त्यानं पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो खालीच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अरे ददा," तो म्हणाला, "तैं आलमारी ल ढलाई बर बनाय हस का?"

म्हणजे कपाट काय ओतायला बनवलंस का. आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कावून, ते सांगतो. पोलादाचा रस साच्यात थंड होताना आटतो. फुटामागे पाव इंच. म्हणून त्याचा लाकडी जुळा तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब करत बसायला नको म्हणून आम्हा पॅटर्नवाल्यांची पट्टीच निराळी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच मुळातच थोडा लांब आखलेला. तिच्यावर फूट लिहिलेलं असतं, पण तो फूट आणि पाव इंच असतो. ती पट्टी नोकरीभर माझ्या खिशात. हात तिच्याकडेच जायचा. सुमननं खरं माप दिलं आणि मी ते खोट्या पट्टीवर आखलं. जगातला दुसरा कोणताही सुतार ही चूक करू शकणार नाही. आजवर मी घरी बनवलेली सगळी लाटणीसुद्धा तेवढी लांब गेली असणार, पण लाटणं लांब झालं म्हणून कोणत्या बाईनं तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

बिसाहूचं म्हणणं असं पडलं की कपाट बरोबरच आहे, फक्त ते पोलादात ओतावं, थंड झालं की खाचेत बरोबर बसेल. सुमनला हसू आलं नाही. ती खाचेकडे पाहत म्हणाली, "उद्या माय येईन आनि पाहीन, का आपल्यासाठी या घरात जागा नाई." आणि ती आत गेली. मला फार वाईट वाटलं. कापावं म्हटलं तर फळीच पाऊण इंचाची, एवढं तासायचं म्हणजे अख्खी एक बाजूच तासून फेकायची आणि सगळे सांधे मोकळे करायचे.

मामीजी आल्या. मी त्यांना दुर्ग स्टेशनवरून रिक्षानं घेऊन आलो. वाटेतच त्यांनी सांगून टाकलं की येत्या सोमवारी जाईन. घरी व्हरांड्याच्या मधोमध ते कपाट उभं, बाज टाकायला जागा नाही, म्हणून खाली अंथरूण. खाली बसलेल्या मामीजींना उठवायला दोघं लागायची, एक पुढून आणि एक मागून. जेवताना त्या अर्धी पोळी बाजूला सारायच्या, पोट भरलं म्हणायच्या, आणि दर जेवणानंतर सोमवारची आठवण द्यायच्या. सुमनचा चेहरा उतरत चालला. शेवटी मी तिला म्हटलं, कापतो कपाट. नाही जमलं तर वैशाली नगरवाल्याला निरोप धाडतो, घेऊन जा म्हणतो सगळं. बिसाहूला बोलावलं, दोघांनी कपाट पाठीवर आडवं पाडलं, खुणा केल्या, आणि चहा घ्यायला आत गेलो.

चहा घेऊन परत आलो तर कपाटावर मामीजी झोपलेल्या.

त्या आधी नुसत्या टेकायला बसल्या असाव्यात. आडवं कपाट सहा फूट लांब, तीन फूट रुंद, जमिनीपासून बरोबर गुडघ्याच्या उंचीवर. बसल्या, पाय वर घेतले, आणि नागपूर सोडल्यापासूनची सगळी झोप त्यांना तिथंच लागली. मी करवत हातात घेऊन उभा. बिसाहूनं ती माझ्या हातातून काढून घेतली. जागं झाल्यावर त्या कोणाचा हात न धरता, पाय खाली सोडून, सरळ उभ्या राहिल्या. स्वतःच चकित झाल्या. म्हणाल्या, उठाले बरं हाये हे. सुमननं धावत जाऊन गादी आणली आणि कपाटावर घातली, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की करवत मी बिसाहूकडून घेऊन माळ्यावरच टाकली.

जागेचा प्रश्न सुटला. भिंतीवरची अवजारं कपाटातल्या आपापल्या घरांत गेली. बाज नको, खाच नको. आता फक्त एवढीच अडचण होती की कपाटाची दारं वर होती, दारांवर गादी होती, गादीवर सासूबाई होत्या, आणि माझी सगळी अवजारं सासूबाईंच्या खाली होती.

पहिल्या दिवशी मी अतिशय अदबीनं म्हटलं, मामीजी, जरा उठता का, गाऊज पाहिजे. त्या उठल्या. थोड्या वेळानं म्हटलं, जरा उठता का, पटाशी पाहिजे. उठल्या. तिसऱ्यांदा मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या की जवाईबापू, एकदाच काय ते सांगा, आणि कारखान्यात काय करता ते पण सांगा, का तिथं पण कोणाची सासू उठवता? मी गमतीत त्यांना टूल रूम समजावून सांगितली. तिथं खिडकीत माणूस बसतो. आपल्या नंबराचं पितळी टोकन त्याच्याकडे ठेवायचं, तो अवजार देतो, अवजार परत दिलं की टोकन परत. मी गमतीत सांगितलं, त्यांनी गमतीत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाऊज मागितली तर मामीजींनी हात पुढे केला. टोकन. मी म्हटलं, घरी कुठलं टोकन. मग काही तरी ठेवा, म्हणाल्या, रीत म्हंजे रीत. मी चष्मा काढून दिला. चष्म्याशिवाय खरादावर उभा राहिलो तर लाकूड कुठे आणि बोट कुठे कळेना, म्हणून तो सोडवून घेतला आणि चप्पल ठेवली. तेव्हापासून तीच पद्धत पडली. एक अवजार, एक चप्पल. दोन अवजारं पाहिजे असतील तर अनवाणी. शेजारपाजारचे माझ्या पायांकडे पाहून सांगायचे की आज काम कसं चाललंय. बिसाहू रविवारी यायचा तोही मुकाट्यानं चप्पल काढून गादीशेजारी ठेवायचा.

नावंही त्यांनी आपली ठेवली. मोठी पन्हाळी, लहान पन्हाळी, तिरपी, खरवडी. परत घेताना नखावर धार लावून पाहायच्या, आणि बोथट असली तर घ्यायच्याच नाहीत. घासून आना, म्हणायच्या. चप्पल अडकलेली, करता काय, घासून आणायचो. दिवस मावळला की बाहेर एकही अवजार ठेवायचं नाही. मुठींना खोबरेल तेल लावायच्या, आणि उरलं तर स्वतःच्या डोक्याला. माझ्या अवजारांची इतकी चांगली निगा कारखान्यातसुद्धा कधी राहिली नव्हती, फक्त मी नंदीबैल करायला लागलो की सगळ्या व्हरांड्यात लग्नघरासारखा वास सुटायचा.

आणि या सगळ्यात सोमवार येऊन गेला, त्याचं कोणी नावच काढलं नाही. पुढचाही गेला. मामीजी पूर्ण पोळी खायला लागल्या, वर भाजीत मीठ कमी आहे हेही सांगायला लागल्या. सुमन मला म्हणाली की माय आता सोमवार म्हणत नाही. मी म्हटलं, कामावर असलेला माणूस असं वाटेल तेव्हा जात नाही.

खरं सांगायचं तर मी मात्र कंटाळलो होतो. दुपारी त्यांचा डोळा लागला की माझं काम बंद. बायकोच्या आईला हलवून उठवायची हिंमत माझ्यात नव्हती. आणि मला ती पाती उभी, डोळ्यांसमोर, ओळीनं पाहिजे होती. म्हणून मी गुपचूप बिसाहूच्या घरी दुसरं कपाट करायला घेतलं. या वेळी सुमनची टेप नेली, आणि माझी पट्टी बिसाहूनं काम संपेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतली. मनात असं, की हे खाचेत बसवायचं, अवजारं तिथं लावायची, आणि मामीजींना मऊ, चांगला, खरा पलंग आणायचा. सगळ्यांचंच भलं.

कपाट ज्या रविवारी यायचं होतं त्याच रविवारी सकाळी दिवाकर आला. आईला न्यायला. बैठकीत बसून त्यानं अवघडत सांगितलं की नागपूरला लोक नावं ठेवून राहिले, मुलगा जिवंत असताना आई जावयाच्या दारी कावून? त्याचंही चुकत नव्हतं. रीत त्याच्या बाजूची होती, आणि मामीजी रीतीच्या. सुमन दाराशी उभी होती, तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मला वाटलं, संपलं.

मामीजी व्हरांड्यात आपल्या जागेवर होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दिवाकर, मी अठी फुकट नाई राहात, बाप्पा. यायची सारी अवजारं माह्या ताब्यात हायेत. मी गेली तं यायले कोन काढून देईन?"

दिवाकरनं माझ्याकडे पाहिलं. खरं का, असं त्याला विचारायचं होतं. आणि नेमका त्याच वेळी पुढच्या फाटकाशी ठेला येऊन थांबला. ठेल्यावर नवंकोरं, पॉलिश केलेलं, खऱ्या तीन फुटांचं कपाट, आणि मागून ठेला ढकलत घामाघूम झालेला बिसाहू.

"भइया," तो ओरडला, "ए आलमारी ल कोन मेर राखँव?"

कपाट कुठे ठेवू, असं तो विचारत होता. मी दारात गेलो. ते कपाट मी किती रविवार घालून केलं होतं ते मला आणि त्यालाच ठाऊक. आत मोठ्या गाऊजपासून सगळ्यात बारीक पटाशीपर्यंत उभी घरं केली होती, धार वर. मी बिसाहूला म्हटलं, घर चुकलास रे, हे नायरबाबूंचं ना, पुढच्या क्वार्टरात ने. तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. बैठकीत दिवाकर, दाराशी सुमन, मागे व्हरांड्यात मामीजी. मराठी त्याला सगळी समजत होती. त्यानं ठेला वळवला आणि मुकाट्यानं पुढे ढकलायला लागला. नायरबाबूंना फुकटात सागाचं कपाट मिळालं, आणि त्यांनी कितीतरी दिवस मला त्याबद्दल संशयानं नमस्कार केला.

मी आत आलो आणि दिवाकरला सांगितलं की मामीजी म्हणतात ते खरं आहे. त्या गेल्या तर माझं काम बंद पडेल. त्या नसताना मला माझी एक पटाशी सापडत नाही. सुमननं पदर तोंडाला लावला आणि ती चहा ठेवायला आत गेली. शेवटी दिवाकर म्हणाला की नागपूरला तसंच सांगतो, आई तिथं कामाला आहे. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच परत गेला.

मामीजींनी मात्र ठेल्यावरचं कपाट व्हरांड्यातून पाहिलं होतं. मी तिरपी मागायला गेलो आणि चप्पल ठेवली, तेव्हा त्यांनी विचारलं की ते कोणाचं होतं. मी म्हटलं, नायरबाबूंचं.

"लाकूड बरं होतं," त्या गादी उचलत म्हणाल्या, "पन असं उभं कपाट काय कामाचं? त्याच्यावर मानूस झोपन कसा?"